लिनक्सवर बॅटरीचे टक्के नेमके कोण काढतं? : पार्श्वभूमी

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की वायफाय लागतं, आवाज येतो, सगळं जागेवर बसतं. कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह मात्र भलतंच काही सांगत राहतं. मशीन आरामात तासभर चालणार असतं आणि चिन्ह म्हणतं चार मिनिटं उरली. बहुतेक जण बॅटरी गेली असं समजून नवी मागवतात. कधी ते बरोबर असतं. पण अनेकदा घोळ सेलमध्ये नसतो, आकडा वर येईपर्यंतच्या वाटेवर असतो, आणि त्या वाटेला इतिहास आहे.

१९९२ च्या एपीएम या वीज-व्यवस्थापनाच्या पद्धतीत सगळा हिशेब बायोसकडे, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या मूळ प्रोग्रामकडे असायचा. सिस्टिमनं विचारायचं, बायोसनं टक्के सांगायचे. बायोसला ठाऊक नसेल तर ‘-१%’ दिसायचं आणि विषय तिथेच संपायचा. डिसेंबर १९९६ मध्ये त्याच कामासाठी एसीपीआय हे नवं मानक आलं आणि तयार टक्के मिळणं बंद झालं. त्याऐवजी बायोसनं दोन तक्ते द्यायचे ठरलं. एकात बॅटरीची मूळ क्षमता, शेवटच्या पूर्ण चार्जची क्षमता वगैरे. दुसऱ्यात त्या क्षणाची स्थिती, म्हणजे चार्ज होतेय की उतरतेय, किती वेगानं, किती शिल्लक आणि किती व्होल्ट. एकक कोणतं तेही तक्त्यातच लिहायचं: ० म्हणजे मिलीवॉट, १ म्हणजे मिलीअँपिअर. एकच एकक सक्तीचं केलं असतं तर पुढची निम्मी भांडणं झालीच नसती.

हे तक्ते भरणारा कोड लॅपटॉप बनवणारे लिहीत आणि बहुतेक वेळा फक्त विंडोजवर चालवून बघत. त्यातल्या चुका आजही लिनक्सच्या बॅटरी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे हे तक्ते वाचणाऱ्या कोडमध्ये, टिपणांच्या रूपात वाचायला मिळतात. एक चूक सोळा बिटांची. काही मशीन बॅटरी उतरत असताना प्रवाह ऋण आकड्यात देतात. उणे १५०० मिलीअँपिअर सोळा बिटांत चिन्हाविना वाचले की होतात ६४०३६ (६५५३६ वजा १५००). शिल्लक ४००० मिलीअँपिअर-तास असतील तर भागाकार करून उत्तर येतं पावणेचार मिनिटं. वरची ‘चार मिनिटं’ अशीही येऊ शकतात. ड्रायव्हर आता असा आकडा ओळखून धन करून घेतो. दुसरी चूक खास जुन्या बॅटऱ्यांची: पूर्ण चार्ज झाल्यावर काही बॅटऱ्या शिल्लक म्हणून आत्ताची क्षमता न सांगता कारखान्यातून निघतानाची सांगतात. ४४०० ची बॅटरी झिजून २९०० वर आली असेल, तर साध्या भागाकारानं १५१ टक्के निघतात!

खरा वादाचा निर्णय मात्र २००७-०८ मधला. तोवर ही माहिती ‘प्रोक’ या फोल्डरखाली वाचण्याजोग्या मजकुराच्या फाइलींत मिळायची, एककासकट. २००७ च्या मध्यावर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, पॉवर-सप्लाय नावाचा नवा वर्ग आला आणि कर्नलच्या २.६.२४ आवृत्तीपासून एसीपीआयच्या बॅटऱ्या त्याखाली ‘सिस’ या फोल्डरमध्ये दिसू लागल्या. एक फाइल, एक आकडा, एकक फाइलीच्या नावावरून ओळखायचं: ‘एनर्जी’ असेल तर मायक्रोवॉट-तास, ‘चार्ज’ असेल तर मायक्रोअँपिअर-तास. दोन्हींची गल्लत करू नका, अशी ताकीद कर्नलच्या कागदपत्रात उद्गारचिन्हासह आहे. पुढे तिथेच एक प्रश्न घेतला आहे: बॅटरी मोजणारी चिप टक्के देत नसेल तर ड्रायव्हरनं ते काढावेत का? किती वेळ उरला ते काढावं का? उत्तर ‘बहुधा नाही’. हार्डवेअर जे प्रत्यक्ष मोजतं तेवढंच कर्नल पुढे देणार; अंदाज बांधणं हे वरच्या एखाद्या प्रोग्रामचं काम. आणि तो प्रोग्राम अजून लिहायचा आहे, अशी पुस्तीही जोडलेली आहे.

तत्त्व म्हणून हे चोख आहे. कर्नलमध्ये दशांशाची गणितं कुणालाच नको असतात. पण काम कुणाचं ते ठरवून ते करणारा कुणी नेमला नाही, की प्रत्येक डेस्कटॉप आपापलं गणित मांडतो. एकाच लॅपटॉपवर टर्मिनलमधला आकडा आणि पॅनेलवरचा आकडा जुळत नाहीत ते यामुळे. डेस्कटॉपच्या बाजूनं आधी हे काम हॅल नावाच्या प्रोग्रामकडे होतं, नंतर ते डिव्हाइसकिट-पॉवरकडे गेलं आणि त्याचंच नाव पुढे यूपॉवर झालं.

या निर्णयाची कसोटी थिंकपॅडवर लागली. २०१० आणि २०११ च्या काही मॉडेलांत (एक्स२०१, टी४१०, एक्स२२० ही त्यातली) चार्जर लावलाय की नाही त्यावर एककच बदलायचं, कधी मिलीवॉट-तास, कधी मिलीअँपिअर-तास. त्यातही मिलीअँपिअर म्हणून येणारे बरेचसे आकडे खरे मिलीअँपिअरचे नव्हतेच; ते दहा-दहा मिलीवॉटचे गठ्ठे होते. म्हणून ड्रायव्हरमध्ये १०००० भागिले मूळ व्होल्टेज (मिलीव्होल्टमध्ये) असा गुणक घालावा लागला. १०.८ व्होल्टच्या बॅटरीला तो ०.९२६ येतो, म्हणजे फरक इतका बेताचा की आकडा सहज खरा वाटावा. आधीची आणि २०१२ ची मॉडेलं यातून सुटली. २०११ च्या मॉडेलांना २०१२ च्या मध्यावर बायोस अपडेट मिळालं. २०१० च्या मॉडेलांसाठी नोव्हेंबर २०१२ पर्यंत तरी काही आलं नव्हतं. म्हणून जुन्या मशीनवर आकडे विचित्र दिसले की आधी बायोसची आवृत्ती बघावी आणि चार्जर काढून-लावून फाइलींची नावं बदलतात का ते पाहावं. बॅटरीला दोष त्यानंतर.

एवढं सगळं सरळ असलं तरी मुळाशी बॅटरीच्या आतली चिप उरतेच. टाकीत न डोकावता नळातून किती पाणी गेलं याची वही ठेवावी, तसा तिचा कारभार असतो. वही अधूनमधून ताळ्यावर यायला बॅटरी एकदा पूर्ण भरून जवळजवळ पूर्ण उतरावी लागते. अलीकडे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय कर्नलमधूनच मिळते आणि सेलसाठी ती चांगलीच आहे. पण वर्षभर ४० ते ८० मध्ये फिरलेल्या बॅटरीच्या चिपला दोन्ही टोकं दिसलेलीच नसतात. मग ३० टक्क्यांवरून मशीन एकदम बंद पडतं, आणि अशा वेळी कर्नल, यूपॉवर आणि पॅनेल तिघांनीही आपापलं काम बरोबर केलेलं असतं.