मुद्दाम साखरवलेला मध

थंडीत मधाच्या बाटलीचा तळ पांढुरका, रवाळ दिसू लागला की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "साखरेचा पाक गळ्यात मारलाय." मग ती बाटली पंचामृतापुरती उरते, नाहीतर भांडायला दुकानात परत जाते. हा संशय फक्त आपल्याकडचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिका-कॅनडातल्या मधपाळांना त्याने इतकं हैराण केलं होतं, की त्या कटकटीवरचा एक उपाय पुढे नवा पदार्थच होऊन बसला. सुरीने पसरता येणारा, न ओघळणारा, फिकट रंगाचा मऊ मध. क्रीम्ड हनी, व्हिप्ड हनी अशा नावांनी तो आता आपल्याकडेही छोट्या महागड्या बरण्यांतून विकला जातो. नावावरून वाटतं की घुसळून घुसळून तो फुलवला असेल. प्रत्यक्षात तो साखरलेलाच मध असतो, फक्त साखरण्याचा लगाम करणाऱ्याच्या हातात असतो.

मध का साखरतो, हे आधी बघू. मधात ढोबळमानाने 38 टक्के फ्रुक्टोज, 31 टक्के ग्लुकोज आणि 17-18 टक्के पाणी असतं. फ्रुक्टोज निमूटपणे विरघळलेलं राहतं. ग्लुकोजला मात्र तेवढं पाणी पुरत नाही आणि ते संधी मिळताच स्फटिक होऊन बाहेर पडतं. परागकण, मेणाचा कण, हवेचा बुडबुडा, कशाच्याही आधाराने सुरुवात होते. स्फटिक थोडे आणि सावकाश वाढले तर ते मोठे होतात, जिभेला वाळूसारखे खरखरतात. एकाच वेळी असंख्य स्फटिक धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला ग्लुकोज थोडं येतं, ते बारीक राहतात आणि जिभेला जाणवतच नाहीत. मऊ मधाचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं.

आपल्या जुन्या वैद्यांना साखरलेला मध खोटा वाटत नव्हता. सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि मधुशर्करेचे गुण वेगळे दिले आहेत. ओकारी आणि अतिसारावर ती चालते असं म्हटलं आहे. म्हणजे मधाची साखर होते हे त्यांच्या दृष्टीने नेहमीचंच होतं. संशय आला तो मध बाटलीत शिरल्यावर.

पूर्वी मध पोळ्यासकट विकला जाई, किंवा पोळं पिळून. 1851 मध्ये अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथने हलत्या चौकटींची मधपेटी बनवली आणि 1865 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यातला मेजर ह्रुश्का याने चौकट गरागरा फिरवून मध काढायचं यंत्र दाखवलं. पोळं न मोडता स्वच्छ, पातळ मध निघू लागला. मधपाळ खूश, पण गिऱ्हाईक बिचकलं. पोळ्यातला मध माशीने भरलाय हे डोळ्यांना दिसतं, बाटलीतला कुणी भरला कुणास ठाऊक! आणि शंका अगदीच निराधार नव्हती. स्वस्त ग्लुकोज सिरप मिसळणारे व्यापारी तेव्हा होतेच.

त्यात 1881 मध्ये हार्वे वायली या रसायनशास्त्रज्ञाने एका मासिकात लिहून टाकलं, की मेणासारख्या पॅराफिनची कृत्रिम पोळी करून त्यात यंत्राने ग्लुकोज भरतात. असं काही होत नव्हतं. आपण गंमत केली होती, असं त्याने नंतर सांगितलं, पण तोवर ती बातमी वर्तमानपत्रांतून देशभर फिरली होती. ओहायोतल्या ए. आय. रूट या मधपेट्यांच्या कारखानदाराने तर असं कृत्रिम पोळं आणून दाखवणाऱ्याला 1000 डॉलरचं बक्षीस लावलं. ते कुणीच नेलं नाही. गमतीचा भाग असा, की 1906 साली अमेरिकेत भेसळीविरुद्धचा पहिला मोठा अन्नकायदा झाला, त्यामागचा मुख्य माणूस हाच वायली. मधपाळांनी त्याला माफ केलं असेल का, मला शंका आहे.

कायद्याने भेसळीला चाप बसला, तरी मध साखरायचा थांबला नाही. कॅनडासारख्या थंड मुलखात क्लोव्हरच्या फुलांचा मध तर फार लवकर बसतो. शिवाय एक जास्त खर्चिक दुखणं होतं. ग्लुकोज स्फटिकात गेलं की उरलेला द्रव आणखी पातळ होतो, त्यात मुळातच असलेलं यीस्ट वाढतं आणि मध आंबतो. साठवलेला माल फेसाळून आंबूस झाला की तो बेकरीवाल्यालाही नको असतो.

या दोन्ही प्रश्नांवर एल्टन डाइस या कॅनेडियन संशोधकाने अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात काम केलं. मध आंबणं आणि साखरणं यावरचा त्याचा अहवाल 1931 मध्ये निघाला आणि 1935 मध्ये त्याच्या पद्धतीला अमेरिकेत पेटंट मिळालं. त्याचा विचार सरळ होता: मध साखरणारच असेल, तर गिऱ्हाइकाच्या फडताळात साखरण्याआधी आपणच तो नीट साखरवून द्यावा.

त्याची कृती अशी. मध आधी 49 अंश सेल्सिअसला तापवून गाळायचा, मग 66 अंशांपर्यंत नेऊन यीस्ट मारायचं आणि सगळे जुने स्फटिक विरघळवायचे. लगेच 24 अंशांच्या आसपास थंड करायचा. त्यात 5 ते 10 टक्के अतिशय बारीक दळलेला साखरलेला मध विरजणासारखा मिसळायचा आणि डबे 14 अंशांवर ठेवायचे. आठवडाभरात मध बसतो. 14 अंश कशासाठी? त्याहून गार झालं तर मध इतका घट्ट होतो की ग्लुकोजला हलता येत नाही, आणि गरम झालं तर ते बाहेर पडायला तयार नसतं. अमेरिकेतल्या पेटंटचे हक्क डाइसने कॉर्नेलला दिले, स्वामित्वाचा पैसा मधमाशी संशोधनाकडे वळला आणि तिथल्या मधमाशी प्रयोगशाळेला पुढे त्याचंच नाव मिळालं.

घरी करताना तापवण्याची पायरी बहुतेक जण गाळतात. मध तापवू नये हे आयुर्वेदातलं सांगणं आपल्याकडे घट्ट रुजलेलं आहे, आणि तापवल्याने वास उडतो हेही खरंच. न तापवता जमतं, फक्त मूळ मध पूर्ण पातळ आणि कणविरहित हवा. अर्धा किलो मधाला 50 ग्रॅम विरजण पुरतं. ते बाजारच्या मऊ मधाचं घ्या किंवा साखरलेल्या मधाचा तळ खलबत्त्यात घोटून करा. घोटणं संपलं की नाही हे हाताला कळत नाही. थेंबभर जिभेवर घेऊन टाळूला घासून बघायचा, एकही कण लागला तर परत घोटायचा. इथे आळस केला तर सगळी बरणी खरखरीत होणार, कारण विरजणाचा पोत पुढे सगळ्या मधाला लागतो. मग लाकडी चमच्याने हळू ढवळायचं. रवी किंवा मिक्सर फिरवला तर हवा शिरते आणि वर फेस बसतो.

पुण्या-नाशकाकडे डिसेंबर-जानेवारीत घरातला गार कोपरा बरणीला मानवतो. मुंबई-कोकणात फ्रिजच्या भाजीच्या कप्प्याला पर्याय नाही. तिथे 14 अंशांहून गार असल्याने जास्त दिवस लागतात. उन्हाळ्यात बाहेर राहिला तर मऊ मध सैल होऊन थर वेगळे पडतात, तेव्हा तयार बरणीही फ्रिजमध्येच बरी.

कुठला मध घ्यावा हा मात्र आपल्याकडे खरा प्रश्न आहे. मोहरी आणि सूर्यफुलाचा मध झटपट साखरतो, तो या कामाला उत्तम. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हिमाचलमधल्या नगरोट्यात युरोपीय मेलिफेरा माशी रुजली आणि पुढे उत्तरेत मोहरीचा मध मोठ्या प्रमाणावर निघू लागला. आपल्या सह्याद्रीतल्या सातेरी माशीच्या मधात पाणी बहुधा जास्त, 20 टक्क्यांच्या वरसुद्धा असतं. तो मुद्दाम साखरवला तर नीट घट्ट होत नाही आणि आंबण्याची भीती राहते. महाबळेश्वरकडचा पातळ मध पातळच खावा, हे माझं मत.

त्याच भागातली कारवी मात्र वेगळीच. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि तिचा मध स्फटिकांशिवायच, त्यातल्या प्रथिनांमुळे, जेलीसारखा उभा राहतो; ढवळला की पातळ होतो, ठेवला की पुन्हा बसतो. देशाच्या अन्नमानकांत मधातल्या सुक्रोजची मर्यादा 5 टक्के आहे. कारवीच्या मधाला ती 10 टक्के अशी वेगळी दिली आहे.

संशय मात्र आजही सरलेला नाही. 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 13 ब्रँडचे नमुने तपासून घेतले, तेव्हा 10 ब्रँड आधुनिक चाचणीत नापास झाल्याचं जाहीर केलं. कंपन्यांनी ते फेटाळलं. पण बाटलीतला मध साखरतो की नाही, यावरून भेसळ ओळखता येत नाही.

मऊ मधाचा खरा फायदा डब्यात कळतो. पोळीवर लावून गुंडाळी केली तर दुपारपर्यंत बोटांवर ओघळ येत नाही. ज्वारीच्या गरम भाकरीवर तो वितळतो, म्हणून भाकरी जरा निवू द्यावी. लोणी किंवा तीळकूट सोबत चालतं. चहात घालायला मात्र साधा मधच बरा.

बारशाच्या आधीच बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि त्यांच्यामुळे तान्ह्या मुलांना होणारा आजार 1976 मध्ये कॅलिफोर्नियात ओळखला गेला. डाइसच्या 66 अंशांना यीस्ट मरतं, हे बीजाणू मरत नाहीत. तेव्हा पातळ असो वा मऊ, घरचा असो वा दुकानचा, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये.