हात लावण्याची मुभा

डिजिटल कलेत स्पर्शाचा विषय निघाला की बोलणे टचस्क्रीनपासून सुरू होते. मराठवाड्यात ते मशरूपासून सुरू करायला हरकत नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मागांवर हिमरूच्या जोडीने हे कापडही निघत असे. वरच्या बाजूला रेशीम, अंगाकडच्या बाजूला सूत. पुरुषाच्या अंगाला निव्वळ रेशीम लागू नये, या धार्मिक दंडकातून काढलेली ही पळवाट. नावाचा अर्थही तोच: धर्मशास्त्राने मुभा दिलेले. डोळ्यांना एक पृष्ठभाग आणि कातडीला दुसरा, हा विचार त्या कापडात केव्हाच होऊन गेला होता.

त्याहून मागे फार रेंगाळायला नको. शब्द कानावर पडताना कानालाच जीभ फुटावी आणि इंद्रियांत आपापसांत भांडण लागावे, असे आपेगावच्या संतकवीने तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिले. प्रदर्शनांच्या माहितीफलकांवर हीच कल्पना आज नवी म्हणून येते. युरोपात १९२१ साली एका इटालियन कवीने स्पर्शकलेचा जाहीरनामा काढला. त्यासाठी सँडपेपर, रेशीम असे तुकडे चिकटवलेला फलक त्याने बोटांनी ‘वाचायला’ मांडला. १९६५च्या सुमारास ब्रिटनमध्ये हवाई वाहतूक नियंत्रणासाठी बोट टेकवून चालवायच्या पडद्याची आखणी झाली. २००७नंतर तसा पडदा खिशात आला. बोट दिवसभर काचेवर फिरू लागले, पण पोत मात्र गेला. पैठणीचा फोटो असो की भाकरीचा, हाताला लागते ती काचच.

खरा बदल २००५नंतरचा. इटलीत विद्यार्थ्यांसाठी एक स्वस्त सर्किट बोर्ड तयार झाला आणि त्याची रचना सर्वांना खुली ठेवली गेली. २००७मध्ये वीजवाहक धाग्याने कापडावर शिवता येईल असा त्याचा भाऊ आला. तत्त्व साधे आहे. बोट टेकले की शरीर किंचित विद्युतभार ओढून घेते आणि बोर्ड तो फरक टिपतो. दाबायचीही गरज नाही. त्यामुळे जरीचा धागा, ओली माती, पाण्याने भरलेला तांब्या, कशाचेही बटण होऊ शकते. हात लावताच आवाज किंवा चित्र उमटवणारे कापड बनवायला मोठी प्रयोगशाळा लागेनाशी झाली. २०१५मध्ये एका बड्या तंत्रकंपनीने वीजवाहक धागा विणण्याच्या आपल्या प्रकल्पाला मागावर नक्षी विणणाऱ्या १८०४च्या जॅकार्ड यंत्रणेचे नाव दिले, २०१७मध्ये डेनिमचे जॅकेट आणले आणि काही वर्षांत सगळे गुंडाळले. मागावर काम केलेल्या माणसाला जॅकार्ड म्हटले की छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ आठवते. जॅकेट त्याला कुठून आठवणार?

मराठीत या सगळ्या कामाला म्हणायचे काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. ‘हॅप्टिक’, म्हणजे स्पर्शाने जाणण्याविषयीचा, हा ग्रीक मुळाचा शब्द १८९२मध्ये जर्मन मानसशास्त्रात घडवला गेला. आपण त्याला सरसकट ‘स्पर्श’ म्हणून मोकळे होतो. पण स्पर्श होतो, तो करावाच लागतो असे नाही. १९६२च्या एका गाजलेल्या प्रयोगात बिस्किटांचे साचे माणसांच्या तळहातावर नुसते टेकवले, तेव्हा आकार ओळखताना ती गोंधळली. तेच साचे बोटे फिरवून बघू दिल्यावर बहुतेक आकार बरोबर ओळखले गेले. मराठीत ही बोटे फिरवण्याची क्रिया म्हणजे ‘चाचपणे’. वाफसा आला का ते पाहायला शेतकरी माती मुठीत दाबतो, कापसाचा व्यापारी बोंडातला पुंजका चिमटीत ओढून धाग्याची लांबी जोखतो, ती चाचपणीच. शब्द नेमका आहे, फक्त वर्तमानपत्रांनी तो निवडणुकीच्या उमेदवारांसाठी राखून ठेवला आहे.

‘स्पर्श’ची दुसरी अडचण याहून जड आहे. स्पृश्य-अस्पृश्य ही विभागणी याच शब्दातून झाली. भांड्याला भांडे लागू नये म्हणून ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ही स्पर्श टाळण्यासाठी केलेली रचनाच होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव १९७८चा, अंमल १४ जानेवारी १९९४चा, तोही नामविस्तार म्हणून. मधल्या काळात काय जळाले ते इथल्या वाचकाला सांगायला नको. अशा प्रदेशात प्रदर्शनाला ‘स्पर्श’ असे गुळगुळीत नाव देऊन फक्त मखमल आणि पिसे मांडली, तर बघणाऱ्याला काहीतरी वगळल्यासारखे वाटणारच. हा शब्द टाळा, असे म्हणणे नाही. उलट तो घ्यावाच, पण कोणाचा हात कुठे चालत नव्हता, तेही त्याच दालनात यावे. ‘हॅप्टिक’ म्हटले की हा इतिहास आपोआप गळतो, आणि बहुधा म्हणूनच तो शब्द सोयीचा वाटतो.

२०२०मध्ये साथ आली आणि हात लावायच्या मांडण्या आधी बंद झाल्या. सॅनिटायझरची बाटलीसुद्धा पायाने दाबायची झाली. नंतर मांडण्या परतल्या, पण शेजारी पुसायचा कपडा घेऊनच.

मराठवाड्यातल्या बहुतेकांचा स्पर्श टिपणाऱ्या यंत्राशी संबंध येतो तो कलादालनात नव्हे, रेशन दुकानात. ऊसतोडीने, वेचणीने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. ‘अंगठा लागंना’ म्हटल्यावर दुकानदार बोट फडक्याने पुसायला सांगतो, मग दुसरे बोट, मग डावा हात.