‘तीव्र’ कुणाला म्हणायचे? : आदिवासी भागातील माता-बालकांच्या कुपोषणाची पार्श्वभूमी

मेळघाट, पालघर किंवा नंदुरबार येथील बालमृत्यूंची बातमी येते तेव्हा तिच्यासोबत दोन आकडे येतात आणि ते सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. एक आकडा ‘तीव्र कुपोषित’ बालकांचा असतो, दुसरा ‘अतितीव्र कुपोषित’ बालकांचा. काही वेळा एकाच आकड्याला आज एक नाव मिळते आणि उद्या दुसरे. या गोंधळाला सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय बातमीतील आकडा वाचता येत नाही.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. १९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर वाटलेली सुकडी आजही वयस्कर माणसांच्या लक्षात आहे. भूक ही दुष्काळाची बाब आहे आणि पाऊस पडला की ती संपते, अशी समजूत तेव्हा सर्वसाधारण होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि सुकाळातही उपाशी राहणाऱ्या बालकाची प्रथमच कायमस्वरूपी दखल घेतली गेली. मात्र महाराष्ट्रात हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला तो १९९२-९३मध्ये. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे आणि त्यापाठोपाठ अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत बालमृत्यू उघडकीस आले, उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि १९९५मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आली. पावसाळ्यापूर्वी दुर्गम गावांत धान्य पोहोचवणे, फिरती वैद्यकीय पथके पाठवणे, दाईंच्या बैठका घेणे ही कामे त्या योजनेत एकत्र बांधली गेली. जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत घरातले धान्य संपलेले असते, शेतीच्या कामाचा सर्वाधिक भार बाईवर असतो आणि रस्ते बंद पडतात, हे योजनेने ओळखले होते. तिचे खरे सामर्थ्य तेच होते असे मला वाटते.

त्या काळातील वाद मात्र अन्नाचा कमी आणि शब्दांचा अधिक झाला. बालके ‘कुपोषणाने’ दगावली की ‘आजाराने’, हा प्रश्न विधिमंडळात आणि न्यायालयात वर्षानुवर्षे विचारला गेला. मृत्यूच्या नोंदीत न्यूमोनिया, अतिसार, कमी दिवसांचे बाळंतपण किंवा जन्मतः कमी वजन असे कारण असते; उपासमार असे क्वचितच लिहिले जाते. नोंद खोटी नसते. मात्र ज्या अतिसारातून पोसलेले मूल चार दिवसांत उठते, त्याच अतिसाराने हाडांचा सापळा झालेले मूल दगावते. पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के मृत्यूंमागे अपुऱ्या पोषणाचा हात असतो, असा जागतिक अंदाज २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आजार की कुपोषण’ हा प्रश्न मुळात चुकीचा मांडला गेला होता आणि त्या चुकीचा लाभ दर वेळी उत्तर देणाऱ्याला झाला.

याहून अधिक गुंतागुंत मोजमापाच्या पट्टीत आहे. अंगणवाड्यांत सुरुवातीपासून बालकाच्या वयानुसार वजनाच्या चार श्रेणी वापरात होत्या. एका अमेरिकी प्रमाणाच्या ८० टक्क्यांहून अधिक वजन असलेले मूल सर्वसाधारण, ७१ ते ८० टक्के पहिली श्रेणी, ६१ ते ७० दुसरी, ५१ ते ६० तिसरी आणि त्याखाली चौथी. ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील बालके’ हा शब्दप्रयोग त्यामुळे सेविकांच्या, डॉक्टरांच्या आणि वार्ताहरांच्या तोंडी बसला, आणि योजनांचा सारा रोख याच दोन श्रेणींवर राहिला. २००५मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या पोषण मोहिमेचे यशही सुरुवातीला तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील मुले किती कमी झाली यावरच मोजले गेले.

पुढे २००६मध्ये जागतिक पातळीवर नवीन वाढप्रमाणके आली आणि २००८मध्ये देशाने ती अंगणवाड्यांसाठी स्वीकारली. या निर्णयाने काय झाले ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एक वर्षाचा एक मुलगा साडेसहा किलोचा आहे. जुन्या पट्टीवर या वयाचे प्रमाण वजन सुमारे १० किलो होते, म्हणजे तो ६५ टक्क्यांवर, दुसऱ्या श्रेणीत. विशेष काळजीच्या यादीबाहेर. नव्या पट्टीवर या वयाच्या मुलाचे मध्यक वजन ९.६ किलो आहे आणि ६.९ किलोच्या खालचा मुलगा ‘तीव्र कमी वजनाचा’ ठरतो. एका दिवसात, घरातल्या भाकरीत तिळमात्र फरक न पडता, हा मुलगा यादीत आला. तीव्र गटाची संख्या वाढलेली दिसल्यावर काहींनी परिस्थिती बिघडल्याचे म्हटले, तर काहींनी नवी पट्टी आपल्या मुलांना लागू नाही असा आक्षेप घेतला. माझ्या मते हा बदल योग्यच होता, कारण पूर्वी दुसऱ्या श्रेणीच्या नावाखाली दुर्लक्षित राहिलेली मुले त्याने समोर आणली. मात्र जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करता येत नाही हे लोकांना पुरेसे समजावून सांगितले गेले नाही.

त्यातच दुसरे मोजमाप आले. उंचीच्या तुलनेत वजन किती, किंवा सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आहे का, यावरून ‘सॅम’ (सिव्हियर अ‍ॅक्यूट मालन्यूट्रिशन) आणि त्याहून सौम्य ‘मॅम’ (मॉडरेट अ‍ॅक्यूट मालन्यूट्रिशन) असे गट ठरू लागले. या नावांतील ‘सिव्हियर’ आणि ‘अ‍ॅक्यूट’ या दोन वेगळ्या शब्दांना मराठीत आपण ‘तीव्र’ हा एकच शब्द वापरतो. पहिल्याचा अर्थ किती गंभीर, दुसऱ्याचा अर्थ अलीकडच्या काळात झपाट्याने झालेली हानी. परिणामी ‘सॅम’ला कुठे ‘तीव्र कुपोषित’ तर कुठे ‘अतितीव्र कुपोषित’ म्हटले जाते, आणि ‘मॅम’ला कधी ‘मध्यम कुपोषित’, तर कधी ‘तीव्र कुपोषित’. एका कागदावरचा ‘तीव्र’ दुसऱ्या कागदावरच्या ‘तीव्र’हून एक पायरी खाली असू शकतो. शिवाय ‘तीव्र कमी वजनाचे’ मूल ‘सॅम’ असेलच असे नाही: आईच्या पोटापासून कुपोषित राहिलेले मूल उंचीनेही खुजे राहते, त्यामुळे त्याचे वजन उंचीला साजेसे दिसते आणि ते उपचारांच्या यादीतून सुटते.

ही बाब केवळ भाषेची नाही. ‘सॅम’ ठरलेल्या मुलालाच ग्राम बालविकास केंद्रात, म्हणजे अंगणवाडीतच, दिवसातून अनेक वेळा जादा आहार मिळतो. प्रकृती गुंतागुंतीची असल्यास बाल उपचार केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करून घेतात. मधल्या काळात निधीअभावी ही गावपातळीवरची केंद्रे बंद पडली. २०१६मध्ये पालघर जिल्ह्यातील मृत्यूंवरून मोठा गदारोळ झाला आणि त्यानंतर ती पुन्हा सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील उंचीच्या तुलनेत कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण २००५-०६मध्ये १६.५ टक्के होते. २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन्ही पाहण्यांत ते २५.६ टक्के नोंदले गेले.

या साऱ्या पट्ट्यांत आईसाठी एकही रकाना नव्हता. मूल अडीच किलोहून कमी वजनाचे जन्मते त्याचे कारण बहुधा त्याच्या जन्माआधीच घडलेले असते: लवकर लग्न, रक्तक्षय, काही जमातींत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, दिवाळीनंतर मजुरीसाठी होणारे स्थलांतर आणि सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत डोक्यावरची पाटी. २०१९-२१च्या पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. राज्याने २०१५मध्ये आदिवासी क्षेत्रांतील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना सुरू केली. तिचे वेगळेपण असे की शिधा घरी देण्याऐवजी एक वेळचे चौरस जेवण अंगणवाडीत शिजवून बाईच्या पानात वाढायचे, कारण घरी नेलेला शिधा सर्वांत वाटला जातो आणि सर्वांत शेवटी जेवणारीच्या वाट्याला सर्वांत कमी येतो. पुढच्या वर्षी लहान मुलांसाठी अंडी किंवा केळी तिला जोडली गेली.

रोख मदतीची वाट मात्र अधिक अडखळती राहिली. अन्नसुरक्षेच्या २०१३च्या कायद्याने प्रत्येक गरोदर मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. चार वर्षांनी जी योजना आली तिने ५,००० रुपये, तेही पहिल्या अपत्यापुरतेच, दिले. दुसऱ्या अपत्यासाठीचा लाभ २०२२मध्ये मिळू लागला, आणि तो फक्त मुलगी झाली तर. तिसऱ्या-चौथ्या बाळंतपणातील बाई, जिचे शरीर सर्वाधिक झिजलेले असते, ती या योजनेत कुठेच बसत नाही.