तोलणारं बेअरिंग आणि झेलणारं बेअरिंग

मॅग्नेटिक बेअरिंगवाला, म्हणजे फिरणारा दांडा (शाफ्ट) चुंबकांनी अधांतरी तोलणारा, कॉम्प्रेसर पहिल्यांदा उघडला की फिटर हमखास विचारतो, "साहेब, शाफ्ट हवेत फिरतो म्हणता, मग आत हे बॉल बेअरिंग कशाला?" त्यालाच मुख्य बेअरिंग समजून ग्रीसचा डबा घेऊन आलेलेही पाहिलेत.

भार तोलतं ते चुंबकाचं. त्यातले विद्युतचुंबक शाफ्टला ढकलत नाहीत, ओढतात. आणि शाफ्ट जितका जवळ जाईल तितकी ओढ वाढते. नुसतं सोडलं तर तो एका बाजूला जाऊन चिकटेल. म्हणून सेन्सर सेकंदाला हजारो वेळा त्याची जागा मोजतात आणि कंट्रोलर समोरासमोरच्या कॉइलमधला करंट तितक्याच घाईनं कमी-जास्त करतो.

बॉल बेअरिंग हे बॅकअप. मशीन नीट चालू असताना शाफ्ट त्याला शिवतही नाही. चुंबकाची फट साधारण अर्धा मिलिमीटर असेल, तर बॅकअपची तिच्या निम्मी. कंट्रोल गेलाच तर हजारो आरपीएमवरचा शाफ्ट आधी यावर पडतो, चुंबकाला घासत नाही. असे आघात ते मोजकेच सोसतं. मशीन बंद असताना मात्र शाफ्ट निवांत यावरच टेकलेला असतो.

लांबून, लॅपटॉपवरून कमिशनिंग करताना, म्हणजे नवं मशीन तपासून सुरू करून देताना, दोघांतला फरक खरा जाणवतो. चुंबकाचं बेअरिंग पडद्यावर आपणहून बोलतं: करंट, जागा, कंपनं. ट्यूनिंगसाठी, म्हणजे कंट्रोलर मशीनशी जुळवायला, शाफ्ट थरथरवायचा तोही त्याच चुंबकांनी. बॅकअप मुकं. त्याची खबर काढायला, मशीन फिरवण्याआधी, चुंबकांनीच शाफ्टला चहूबाजूंनी हळूहळू त्यावर टेकवत न्यायचं. पडद्यावर गोल उमटतो. फट पाव मिलिमीटर असेल तर व्यास अर्धा मिलिमीटर यायला हवा, आणि त्या गोलाचा मध्य म्हणजे शाफ्टची खरी जागा.

गोल एका बाजूनं चपटा आला की ट्यूनिंगला हात लावायचा नाही. साइटवरच्या माणसाला शाफ्टला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप, लावायला सांगायचं. गेज पूर्ण अर्धा मिलिमीटर दाखवत असेल तर संशय सेन्सरवर. तोही कमी दाखवत असेल तर आत काहीतरी अडकलंय, नाहीतर बेअरिंग नीट बसलेलं नाही. मग लॅपटॉपवरून काहीही करा, कव्हर उघडायला माणूसच लागतो. नॉर्वेच्या ऑस्गार्ड वायुक्षेत्रात २०१५ पासून सुमारे ३०० मीटर खोल समुद्रतळावर मॅग्नेटिक बेअरिंगचे कॉम्प्रेसर चालतात. तिथे फिटर पोचत नाही. अख्खं मॉड्यूलच जहाजावर उचलून आणावं लागतं.