ट्यूबलेस टायर (रोड सायकल)

आत वेगळी ट्यूब न घालता थेट टायर आणि रिमच्या पोकळीतच हवा धरून ठेवणारा रोड सायकलचा टायर. मोटारींना ही रचना कितीतरी आधीपासून आहे. सायकलींमध्ये ती १९९९ च्या सुमारास माउंटन बाइकला मिळाली. रोड सायकलसाठी हचिन्सन आणि शिमानो यांनी २००६ मध्ये आणली.

रिमच्या तळाशी असलेली आऱ्यांची छिद्रे टेपने बंद करतात, त्यातूनच व्हॉल्व्ह बसवतात आणि टायर चढवतात. कडेला साबणाचे पाणी लावून जोरात हवा भरली, की टायरची कड (बीड) ‘टक्, टक्’ करत रिमवर जागा घेते. हा आवाज येईपर्यंत टायर बसला असे समजू नये. मग व्हॉल्व्हचा गाभा काढून ३० ते ४५ मिलिलिटर सीलंट (छिद्र बुजवणारा लेटेक्सयुक्त द्रव) ओततात. काटा घुसला, की हवेबरोबर पांढरे थेंब उडतात. चाक फिरता फिरता त्यातले लेटेक्स छिद्रात गोठते आणि गळती थांबते. बाभळीच्या काट्याला हा उतारा उत्तम. काचेने टायर चिरला तर मात्र प्लग (चिरेत कोंबायची चिकट रबरी पट्टी) खुपसावा लागतो.

पंक्चरपासून सुटका हा फायदा सगळ्यांना ठाऊक असतो, पण खरी कमाई कमी दाबाची आहे. खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून फुटण्याची भीतीच उरत नाही. म्हणून २३ मिमी टायरमध्ये १०० पीएसआयच्या वर हवा ठासणारे सायकलपटू आता २८ मिमी ट्यूबलेस ६०–७० पीएसआयवर चालवतात. खडबडीत रस्त्यावर चाक उसळत नाही, वळणावर पकड राहते, हातांना मुंग्या कमी येतात.

शर्यतींत रिमला चिकटवलेल्या ट्यूब्युलर टायरची सद्दी दीर्घकाळ टिकली. २०१९ मध्ये अलेक्झांडर क्रिस्टॉफने गेंट–वेव्हेलगेम आणि २०२१ मध्ये सोनी कोलब्रेलीने दगडी रस्त्यांची पॅरिस–रुबे ट्यूबलेसवर जिंकली.

हुकलेस रिमच्या बाबतीत हयगय नको. तिच्या काठाला टायर अडकवणारा आकडा नसतो. दाबाची मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७३ पीएसआय, आणि टायरही त्या रिमसाठी मान्य केलेलाच हवा. २०२४ च्या यूएई टूरमध्ये थॉमस डी गेंट पडला, त्याचा टायर रिमवरून निसटला आणि या रिमवरचा वाद पेटला.

सरावासाठी काय घ्यावे? आठवड्यातून तीन-चार दिवस लांब पल्ला मारणाऱ्याने, विशेषतः बाहेरची मदत न घेता २०० ते ६०० किमीच्या बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) करणाऱ्याने, ट्यूबलेसच घ्यावा. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या सायकलला साधी ट्यूब बरी, कारण सीलंट आत सुकून त्याच्या पापड्या होतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दर दोन-तीन महिन्यांनी ते तपासावे. सोबत एक ट्यूब तरी ठेवावीच. मात्र ती घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवावे: सीलंटने गुपचूप बुजवलेले जुने काटे तिथेच रुतलेले असतात आणि नवी ट्यूब पहिल्याच किलोमीटरला फोडतात.