सडन डेथ (अमेरिकन फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक सामन्यात ६० मिनिटांनंतर गुण समान राहिले तर निकालासाठी वापरली जाणारी जादा वेळेची पद्धत. मूळ रूपात जो संघ आधी गुण मिळवेल तो विजयी ठरतो आणि सामना तिथेच थांबतो. मग ते गुण टचडाउनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणे, सहा गुण) असोत, फील्ड गोलचे (चेंडू किक मारून गोलखांबांमधून घालवणे, तीन गुण) असोत वा सेफ्टीचे (चेंडू असलेल्या खेळाडूला त्याच्याच गोलरेषेमागे अडवणे, दोन गुण). जादा वेळ नाणेफेकीने सुरू होते आणि या खेळात चेंडू एका वेळी एकाच संघाच्या आक्रमक फळीकडे असतो. त्यामुळे नाणेफेक हरलेल्या संघाच्या क्वार्टरबॅकला (आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) चेंडू हाती न येताच मैदान सोडावे लागू शकते. पद्धतीच्या न्याय्यतेचा वाद या एका शक्यतेभोवती फिरतो. नॅशनल फुटबॉल लीगने (एनएफएल) २०१० पासून हा नियम टप्प्याटप्प्याने सौम्य केला. २०२५ नंतर शुद्ध सडन डेथ केवळ दोन्ही संघांना एकेकदा चेंडू मिळून गेल्यावरच लागू होते.

उगम : २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बाल्टिमोर कोल्ट्स आणि न्यूयॉर्क जायंट्स यांच्यात झालेला अजिंक्यपदाचा सामना हा जादा वेळेत गेलेला पहिला सामना, असा समज रूढ आहे. तो पूर्णपणे बरोबर नाही. बरोबरी फोडण्यासाठी सडन डेथची तरतूद एनएफएलच्या नियमांत १९४० च्या दशकाच्या आरंभीच आली होती, पण कित्येक वर्षे ती वापरण्याची वेळच आली नाही. प्रत्यक्ष वापर प्रथम झाला तो ऑगस्ट १९५५ मध्ये ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे, लॉस एंजेलिस रॅम्स आणि जायंट्स यांच्या हंगामपूर्व सामन्यात. स्थानिक संयोजकाच्या आग्रहामुळे तिथे हा प्रयोग झाला असे सांगितले जाते. तो सामना रॅम्सने २३–१७ असा जिंकला. योगायोग असा की १९५८ च्या सामन्यातही जायंट्स २३–१७ असेच हरले. अजिंक्यपदाच्या पातळीवरील पहिला सामना म्हणून १९५८ चे महत्त्व मात्र निर्विवाद आहे.

त्या सामन्याचा तपशील पुढील वादाच्या दृष्टीने बोलका आहे. नाणेफेक जायंट्सने जिंकली, चेंडूही घेतला, पण दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार डावांपैकी (प्रयत्नांपैकी) तीन डावांत ते न झाल्याने त्यांना तो पंट करून (किकने दूर धाडून) परत द्यावा लागला. मग कोल्ट्सच्या जॉनी युनायटसने ८० यार्डांची चाल (चेंडूचा ताबा असताना सलग डावांत केलेली आगेकूच) रचली आणि अ‍ॅलन अमीचीने एका यार्डावरून टचडाउन केला. म्हणजे अजिंक्यपदाच्या पहिल्याच जादा वेळेत नाणेफेक हरलेला संघ जिंकला.

नाणेफेकीचे बदलते मोल : जादा वेळेत पहिला चेंडू मिळणे हा प्रारंभापासून निर्णायक लाभ होता का, याविषयी मतभेद आहेत. एक मत असे की अन्याय नियमातच अंगभूत होता आणि तो उशिरा लक्षात आला. दुसरे मत असे की नियम लिहिला गेला तेव्हा तो पुरेसा समतोल होता, पण भोवतालचा खेळ बदलल्याने तो कलता झाला. उपलब्ध पुरावा दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो.

२३ डिसेंबर १९६२ रोजी ह्यूस्टन येथे, एनएफएलची तेव्हाची प्रतिस्पर्धी असलेल्या अमेरिकन फुटबॉल लीगच्या अजिंक्यपदासाठी डॅलस टेक्सन्स आणि ह्यूस्टन ऑइलर्स यांच्यात १७–१७ अशी बरोबरी झाली. टेक्सन्सचे प्रशिक्षक हँक स्ट्रॅम यांना चेंडू नको होता, पाठीशी वारा हवा होता. त्यांनी कर्णधार अ‍ॅबनर हेन्सला तसे सांगून नाणेफेकीला पाठवले. नाणेफेक जिंकल्यावर हेन्स पंचांना म्हणाला, ‘आम्ही घड्याळाच्या बाजूला किक मारू.’ नियमाप्रमाणे एकाच गोष्टीची निवड करता येत होती आणि ‘किक’ आधी उच्चारली गेल्याने तीच निवड धरली गेली. बाजू निवडण्याचा हक्क ऑइलर्सकडे गेला आणि नाणेफेक जिंकूनही टेक्सन्सना ना चेंडू मिळाला ना वारा. तरीही दुसऱ्या जादा सत्रात टॉमी ब्रूकरच्या २५ यार्डांच्या फील्ड गोलवर ते २०–१७ जिंकले. एक मुरब्बी प्रशिक्षक चेंडूपेक्षा वाऱ्याला मोल देत होता आणि त्याला कोणी वेडगळ म्हटले नाही, हे इथे लक्षात घ्यावे.

चाळीस वर्षांनी, २४ नोव्हेंबर २००२ रोजी, डेट्रॉइट लायन्सचे प्रशिक्षक मार्टी मॉर्निनवेग यांनी शिकागो बेअर्सविरुद्ध नाणेफेक जिंकून जाणीवपूर्वक वारा निवडला. बेअर्सने पहिल्याच चालीत फील्ड गोल करून सामना २०–१७ असा जिंकला. १९६२ मध्ये शहाणपणाची मानली गेलेली निवड २००२ मध्ये घोडचूक ठरली आणि आजही ती तशीच सांगितली जाते.

मधल्या काळात काय बदलले? साखळी सामन्यांत १५ मिनिटांची जादा वेळ १९७४ मध्ये आली. त्याच वर्षी गोलखांब मैदानाच्या अंतिम रेषेवर मागे नेले गेले आणि फील्ड गोल अवघड झाला. त्या सुमारास प्रयत्न केलेल्या फील्ड गोलपैकी साधारण ६० टक्के यशस्वी होत. २००० नंतर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे गेले. १९९४ मध्ये किकऑफची (खेळ सुरू करणाऱ्या किकची) जागा ३५ यार्डांवरून ३० यार्डांवर मागे आली, त्यामुळे चेंडू घेणाऱ्या संघाची चाल सरासरीने अधिक पुढून सुरू होऊ लागली. थोडे पुढे सरकून लांबून अचूक किक मारणे एवढेच विजयाला पुरेसे झाले. १९७४ ते १९९३ या काळात नाणेफेक जिंकणारे आणि हरणारे संघ जवळजवळ सारख्याच प्रमाणात जिंकत. १९९४ ते २००९ या काळात नाणेफेक जिंकणाऱ्यांचे विजय सुमारे ६० टक्क्यांवर गेले. सडन डेथचे कलम जसेच्या तसे होते, त्याभोवतीची कलमे आणि कौशल्ये बदलली होती.

नाणेफेकीवर किती अवलंबून आहे हे प्रेक्षकांना दिसले ते २६ नोव्हेंबर १९९८ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. पिट्सबर्ग स्टीलर्सच्या जेरोम बेटिसने नाणे हवेत असताना काय कौल मागितला, यावर मैदानातच वाद झाला. पंचांनी ‘छापा’ ऐकला, बेटिसच्या मते त्याने ‘काटा’ म्हटले होते. चेंडू प्रतिस्पर्धी डेट्रॉइट लायन्सना मिळाला आणि त्यांनी पहिल्याच चालीत फील्ड गोल करून सामना १९–१६ असा जिंकला. त्यानंतर नाणे उडवण्यापूर्वीच कौल सांगण्याची पद्धत आली.

२०१० नंतरचे बदल : जानेवारी २०१० मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्सने मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध जादा वेळेतील पहिल्याच चालीत ४० यार्डांचा फील्ड गोल करून सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) गाठला. दोन महिन्यांत संघमालकांनी २८ विरुद्ध ४ मतांनी बाद फेरीपुरता नियम बदलला. पहिल्या चालीत टचडाउन झाला तर सामना संपेल, पण नुसता फील्ड गोल झाला तर दुसऱ्या संघाला चेंडू मिळेल. विरोधात मत देणाऱ्या चार संघांत खुद्द व्हायकिंग्ज होते आणि बफेलो बिल्सही होते. २०१२ मध्ये हाच नियम साखळी सामन्यांना लावण्यात आला.

ही तडजोड किक मारणाऱ्याच्या वाढलेल्या अचूकतेवरचा उतारा होती. आक्रमणाच्या वाढलेल्या ताकदीवर तिच्यात उपाय नव्हता. नव्या नियमाखालील पहिलाच सामना अकरा सेकंदांत संपला. जानेवारी २०१२ मध्ये डेन्व्हरच्या टिम टीबोने पहिल्याच डावात डिमेरियस थॉमसला दिलेला पास ८० यार्डांच्या टचडाउनमध्ये बदलला. फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये अटलांटा फाल्कन्सने २८–३ अशी आघाडी गमावली, पुढे नाणेफेकही गमावली आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्सने ३४–२८ असा विजय मिळवला. त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरलेला फाल्कन्सचा मॅट रायन जादा वेळेत सीमारेषेबाहेर उभा होता. २३ जानेवारी २०२२ रोजी तीच पाळी बिल्सच्या जॉश अ‍ॅलनवर आली. अखेरच्या दोन मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून २५ गुण केले होते. अ‍ॅलनने ‘काटा’ मागितला, छापा पडला आणि कॅन्सस सिटी चीफ्सने ७५ यार्डांची चाल पूर्ण करून सामना ४२–३६ असा जिंकला.

२०१० ते २०२१ या हंगामांत बाद फेरीचे बारा सामने जादा वेळेत गेले. त्यांपैकी दहा नाणेफेक जिंकणाऱ्या संघाने जिंकले, त्यांतले सात पहिल्याच चालीतील टचडाउनवर. बचाव हाही खेळाचाच भाग आहे, त्याने अडवावे, हा जुन्या नियमाच्या समर्थकांचा युक्तिवाद खोटा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सेंट्सनी आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस चीफ्सनी नाणेफेक जिंकूनही इंटरसेप्शनमुळे (पास प्रतिस्पर्ध्याने झेलल्यामुळे) सामना गमावला होता. पण ज्या संघाला आक्रमण आणि बचाव दोन्ही सिद्ध करायला लागतात आणि ज्याला फक्त आक्रमण पुरते, त्यांची परीक्षा एकच आहे असे म्हणणे कठीण. मार्च २०२२ मध्ये मालकांनी २९ विरुद्ध ३ मतांनी बाद फेरीत दोन्ही संघांना एकेकदा चेंडूची हमी दिली.

या हमीने नाणेफेकीचे मोल नाहीसे झाले नाही, त्याचे स्वरूप बदलले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लास वेगसच्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सने नाणेफेक जिंकून आधी चेंडू घेतला. दोघांच्या चालींनंतरही बरोबरी राहिली तर तिसरा, म्हणजे सडन डेथचा, ताबा आपल्याला मिळेल हा प्रशिक्षक काइल शॅनाहन यांचा हिशेब होता. त्यांनी फील्ड गोल केला. चीफ्सना आता नेमके काय लागते हे ठाऊक होते. स्वतःच्या ३४ यार्डांच्या रेषेवर चौथ्या डावात एक यार्ड हवा असताना एरवी कोणताही संघ पंटचा विचार करील. इथे तो पर्यायच नव्हता. पॅट्रिक माहोम्स स्वतः धावला, आठ यार्ड मिळाले आणि चाल टचडाउनपर्यंत पोहोचून सामना २५–२२ असा संपला. फोर्टीनायनर्सनी टचडाउन केला असता तर आपणही टचडाउन करून, नंतरच्या किकच्या एका गुणाऐवजी चेंडू पुन्हा गोलरेषेपलीकडे नेण्याच्या दोन गुणांच्या प्रयत्नावर सामना तिथेच संपवणार होतो, असे चीफ्सच्या खेळाडूने नंतर सांगितले. तसे झाले असते तर तिसरा ताबा आलाच नसता. त्यामुळे नव्या नियमात दुसरे खेळणे अधिक लाभाचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हा लाभ माहितीचा आहे. पूर्वीच्या नुसत्या संधी नाकारण्यापेक्षा तो निश्चितच सौम्य आहे.

एप्रिल २०२५ मध्ये साखळी सामन्यांनाही हीच हमी मिळाली, मात्र अर्धवट. खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी २०१७ मध्ये जादा वेळ १५ वरून १० मिनिटांवर आणली गेली होती. फिलाडेल्फिया ईगल्सने ती पुन्हा १५ करण्याचा प्रस्ताव दिला होता, पण मालकांनी १० मिनिटेच कायम ठेवली. पहिल्या संघाने संथ चाल खेळली तर दुसऱ्याच्या वाट्याला नियमाने संधी येते, पण घड्याळ उरत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये डॅलस काउबॉइज आणि ग्रीन बे पॅकर्स यांच्या सामन्यात दोघांनी एकेक फील्ड गोल करताच वेळ संपली आणि ४०–४० अशी बरोबरी नोंदली गेली. १५ मिनिटांची मागणी म्हणून पुन्हा विचारात घ्यायला हवी. किकऑफचा नियम २०२४ मध्ये पुन्हा मुळापासून बदललेला असताना जादा वेळेचा विचार त्याच्यापासून तोडून करणे १९९४ ची पुनरावृत्ती ठरेल.

अन्य प्रस्ताव व पद्धती : २०२१ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने सुचवले की एका संघाने चाल कोठून सुरू व्हावी ती जागा सांगावी आणि आक्रमण की बचाव हे दुसऱ्याने ठरवावे. भावांच्या वाटणीत वाटे एकाने पाडावेत आणि पहिला दुसऱ्याने उचलावा, तसेच हे तत्त्व. नाणेफेकीचा लाभ यात जवळपास शून्यावर येतो. तत्त्वतः हा सर्वांत न्याय्य प्रस्ताव असूनही तो मान्य झाला नाही. ताब्याचा लिलाव करावा, म्हणजे स्वतःच्या गोलरेषेच्या अधिक जवळून सुरुवात करायला तयार असेल त्याला चेंडू द्यावा, अशी कल्पना अर्थशास्त्रज्ञांनीही मांडली आहे. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये १९९६ पासून दोन्ही संघ प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्डांवरून आळीपाळीने खेळतात. २०२१ पासून तिसऱ्या फेरीपासून फक्त दोन गुणांचे प्रयत्न होतात. कॅनेडियन फुटबॉल लीगमध्येही आळीपाळीची पद्धत असून सुरुवात ३५ यार्डांवरून होते. एनएफएलच्या हंगामपूर्व सामन्यांत २०२१ पासून जादा वेळ नाही.