रशियन रायफल, फिनिश नळी : एका शस्त्राची पार्श्वभूमी

फिनलंडच्या सैन्याने १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सोव्हिएत फौजेला ज्या रायफलीने तोंड दिले, ती मोसिन-नागांत रायफल मुळात रशियाचीच होती. १८०९ पासून रशियन साम्राज्याच्या अखत्यारीत असलेला हा देश ६ डिसेंबर १९१७ रोजी स्वतंत्र झाला आणि अवघ्या काही आठवड्यांत यादवी युद्धात सापडला. जानेवारी १९१८ च्या अखेरीस सेनापती मानरहाइम यांच्या नेतृत्वाखालील श्वेत पक्षाने, म्हणजे फिनिश सरकारच्या बाजूच्या फौजेने, पश्चिमेकडील ऑस्ट्रोबोथनिया प्रांतातल्या रशियन शिबंद्या निःशस्त्र केल्या, तेव्हा १८९१ च्या नमुन्याच्या मोसिन-नागांत रायफली त्यांच्या हाती पडल्या. पहिल्या महायुद्धात जर्मनीने रशियाकडून जिंकलेल्या याच रायफलींपैकी काही जर्मनीमार्गेही फिनलंडमध्ये आल्या.

नव्या राष्ट्राकडे पैसा तुटपुंजा होता आणि कोठारात रशियन शस्त्रे मुबलक होती. सर्वस्वी वेगळी रायफल स्वीकारायची, तर काडतुसांपासून सुट्या भागांपर्यंत सारेच नव्याने उभे करावे लागले असते. म्हणून फिनलंडने ७.६२ मिलिमीटरचे रशियन काडतूस कायम ठेवले आणि युरोपात ठिकठिकाणी पडून असलेल्या मोसिन-नागांत रायफली पुढची वीस वर्षे मिळतील तशा गोळा केल्या. रायफलीचा गाभा म्हणजे रिसीव्हर, अर्थात काडतूस भरण्याची व झाडण्याची यंत्रणा ज्यात बसते तो धातूचा भाग. तो फिनलंडने कधीच स्वतः बनवला नाही. त्यामुळे फिनिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायफलीचा दस्ता उतरवला, की रिसीव्हरच्या मागच्या टोकाखाली तुला, इझेव्हस्क किंवा सेस्त्रोरेत्स्क येथील कारखान्याचा शिक्का आणि झारच्या काळातले साल आढळते. काहींवर रशियासाठी रायफली बनवणाऱ्या अमेरिकेतील रेमिंग्टनची खूणही असते.

सुधारणा झाल्या त्या या गाभ्याभोवती. मूळ रायफलीवरील अंतराचे आकडे अर्शिन या जुन्या रशियन मापात होते. एक अर्शिन म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर, म्हणजेच ४०० चा आकडा प्रत्यक्षात साधारण २८४ मीटरचा. मीटरमध्ये शिकलेल्या सैनिकाचा नेम अशा आकड्यांनी चुकणार हे उघड असल्याने फिनिश शस्त्रशाळांनी ते बदलून मीटरचे आकडे कोरले. दीर्घ वापराने झिजलेल्या नळ्यांचा प्रश्न मात्र अधिक खर्चिक होता. सुओयेलुसकुंता या स्वयंसेवी संरक्षक दलाने १९२४ च्या नमुन्यासाठी स्वित्झर्लंडच्या सिग कंपनीकडून अधिक जाड नळ्या बनवून घेतल्या, आणि त्यासाठी निधी जमवण्यात लोट्टा स्वार्द या महिला संघटनेने हातभार लावला. शस्त्रसज्जतेचा भार सामान्य घरांनी किती उचलला, हे यावरून कळते.

सैन्याने १९२७ मध्ये स्वतःचा वेगळा नमुना काढला. त्याची नळी सुमारे ८० सेंटिमीटरवरून ६८.५ सेंटिमीटरवर आणली गेली, परंतु दस्त्याचे पुढचे टोक कमकुवत राहिल्याने संगिनीच्या सरावात ते मोडू लागले आणि रायफली दुरुस्तीसाठी परत घ्याव्या लागल्या. पुढच्याच वर्षी संरक्षक दलाने आपला १९२८ चा नमुना आणला. त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे एम/२८-३०. बुडाशी बाहेर आलेला काठ असलेली ही काडतुसे एकमेकांत अडकू नयेत म्हणून तिच्या मॅगझिनमध्ये बदल केला गेला आणि नेम धरण्याची योजनाही अधिक अचूक झाली. नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेल्या माशीच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या कानांमुळे या रायफलीला ‘पिस्तीकोर्वा’, म्हणजे उभ्या कानांचा स्पिट्झ कुत्रा, असे नाव पडले. सिमो हायहा हा प्रसिद्ध नेमबाज हीच रायफल दुर्बिणीविना वापरत असे, कारण दुर्बिणीसाठी डोके अधिक वर काढावे लागते आणि थंडीत तिच्या काचेवर बाष्प धरते.

इतक्या लहान देशात सैन्य आणि संरक्षक दल यांनी दोन निरनिराळ्या रायफली बाळगणे परवडणारे नव्हते, आणि माझ्या मते एकच रायफल ठरवण्याची तडजोड फार उशिरा झाली. दोघांसाठी समाईक असलेली एम/३९ युद्धाच्या तोंडावर ठरली खरी, परंतु हिवाळी युद्ध १३ मार्च १९४० रोजी संपले तोवर तिची निर्मिती जेमतेम सुरू झाली होती. तिच्या नळीचा आतला व्यास किंचित मोठा ठेवल्याने फिनिश आणि हस्तगत केलेली सोव्हिएत, दोन्ही काडतुसे तिच्यात नीट चालत. पुढील वर्षांत अशा सुमारे एक लाख रायफली तयार झाल्या. १९८० च्या दशकात फिनिश सैन्याने दूरवरच्या नेमबाजीसाठी टीकेआयव्ही ८५ ही रायफल घडवली, तीही जुन्या मोसिन-नागांत रिसीव्हरवरच.